तीन हातांचे पेटीमास्तर

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत आज धोक्याचे नवे फलक लागले. ते रंगवायला चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळच्या 'नूर पेंटर्स' या दुकानातून एक तरुण पेंटर आला होता. नाव इनायत. गंधकाम्लाच्या टाकीवरच्या फलकात त्याने सूत्रातला दोनाचा आकडा अक्षराच्या डोक्यावर चढवला होता. मी तो खाली घ्यायला सांगितला.

"मॅडम, दोन वर असला का खाली असला, अ‍ॅसिडले काय फरक पडते?"

"अ‍ॅसिडला नाही, मला पडतो."

त्याने हुज्जत न घालता अख्खा फलक पुसून पुन्हा लिहिला. अक्षर चांगलं आहे. जाताना माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'सुकेशनी उराडे' वाचून त्याने विचारलं, पेटीवाल्या वामनभाऊ उराडेंची मी कोण? मुलगी, असं सांगितलं. बाबा दर सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पेटी वाजवतात, ती ऐकायला हा शाळेत असल्यापासून येतो. नागपूरला चित्रकला शिकून आला आहे. बाबांचं तैलचित्र काढायची इच्छा आहे.

विचारून कळवते, एवढंच म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मी कळवण्याआधीच इनायत ऊर्जानगरच्या क्वार्टरवर हजर. बाबांनी कोट, टोपी आणि नाटक मंडळाने दिलेलं पदक असा सगळा सरंजाम चढवला. बल्लारपूरच्या रेल्वे यार्डात ते गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. निवृत्त झाल्यापासून धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीतल्या एका मंडळाबरोबर गावोगाव नाटकांना पेटी वाजवत फिरतात. आपलं चित्र निघणार म्हणजे ते मंडळाच्या पडद्याशेजारी लागणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

इनायतने कोट काढायला लावला. मग टोपी. मग पदक.

आई दारातून म्हणाली, "बनेनमधला मानूस मी रोजच पाहून राह्यली. त्याले भिंतीवर कायले टांगा लागते?"

बोलता बोलता रंगात मिसळायच्या तेलाचा विषय निघाला. त्याला ते नागपूरहून लहान बाटल्यांत आणावं लागतं. मी सांगितलं, ते जवसाचंच तेल असतं. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो, म्हणून चित्र सुकतं. माझ्या मामाकडे सिंदेवाहीजवळ धानाच्या बांधीत जवस होतो आणि गावात घाणा आहे. बाटल्यांची गरज नाही. मनकर्णा मामीला निरोप पाठवला तर डबाभर येईल.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही फार मोठं दिलं. मी फक्त माहिती दिली होती.

तो गेल्यावर आई म्हणाली, "तेल द्याचं तं दे. बाकी पाहून दे." बाकी म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तेल आलं, पोचतं केलं. दुकानात त्याचे वडील नूर मोहम्मद भेटले. शिडीवर उभं राहून एका औषध दुकानाची पाटी रंगवत होते. वरूनच म्हणाले, "बेटी, तू साइन्सवाली. याले समजव. मस्कतले याचा मामू हाय, बोर्डाचं पक्कं काम हाय, पासपोर्ट तयार हाय. अन हा म्हन्ते चित्र काढतो."

इनायत रंग घोटत राहिला. मग कळलं ते असं: जानेवारीअखेर नागपूरला मोठं चित्रप्रदर्शन आहे. चित्रं बारा तारखेपर्यंत पोचली पाहिजेत. बापलेकांत ठरलं आहे, की याचं चित्र तिथे भिंतीवर लागलं तर याने इथेच राहून दुकान आणि चित्रं दोन्ही सांभाळावं. नाही लागलं तर फेब्रुवारीत मस्कत.

अट स्पष्ट आहे. मला स्पष्ट अटी आवडतात.

३० नोव्हेंबर, रविवार

चित्र पूर्ण झालं म्हणून आम्ही तिघं दुकानात गेलो.

नोंद करते. मुख्य रंग गेरू, कोळशाचा काळा, आणि एक निळा, जो चित्रातल्या कुठल्याच वस्तूचा म्हणून सांगता येत नाही. बाबांचा चेहरा समोरून दिसतो आणि त्याच वेळी बाजूनेही. पेटीचा भाता उघडून अर्ध्या चित्रावर पसरला आहे. पट्ट्या पेटीतून बाहेर पडून रुळांसारख्या कडेपर्यंत गेल्या आहेत, काही सरळ, काही वळलेल्या. हात तीन.

बाबा चित्राजवळ गेले, मागे सरले. मग म्हणाले, "हे कोन हाय?"

"तुम्ही, भाऊ."

"असे वाकडे रूळ बल्लारपूरले अस्ते, तं जी.टी. एक्स्प्रेस शेतात गेली अस्ती. अन मले तीन हात काऊन?"

"एक भात्यावर अस्ते, एक पट्ट्यावर. मंग मधातच बिडी कोन पेटवते? मी तिन्ही पाह्यले, तिन्ही काढले."

आईला हसू आवरेना. ती म्हणाली, "चौथा राह्यला. चहा मागाचा."

बाबा परतीच्या बसमध्ये वेगळ्या सीटवर बसले. रात्री जेवताना म्हणाले, की आता मंडळात कुणाला काही सांगू नका. मला त्यांचं वाईट वाटलं.

चित्र मलाही समजलं नाही. पण त्याच्यासमोर उभी असताना बाबा पेटी वाजवत असल्यासारखं वाटलं, म्हणजे सूर सुरू व्हायच्या आधी ते भात्यात हवा भरतात तेव्हाचं. या निरीक्षणाला पुरावा नाही.

१४ डिसेंबर, रविवार

चित्र ओलंच आहे. कोपऱ्याला बोट लावलं तर रंग बोटाला येतो. इनायत म्हणतो, थंडी आहे, वेळ लागेल. थंडीने वेळ लागतो हे खरं, पण इतका लागायला नको.

चित्रावर चिलटं चिकटली आहेत. तो चिमट्याने एकेक काढत होता. नूर मोहम्मद म्हणाले, "आमचा एकही बोर्ड आजपर्यंत इतका ओला राह्यला नाई. लोक पाटी लावतात अन संध्याकाळी दुकान उघडतात."

मी चिमटा घेऊन निळ्या भागातली चिलटं काढली. काम असल्यामुळे थांबले.

२१ डिसेंबर, रविवार

कारण सापडलं.

आज सकाळी कडाक्याची थंडी होती. दुकानात गेले तर तेलाच्या डब्यात तळाशी पांढरा थर बसला होता, वनस्पती तुपासारखा. जवसाचं तेल इथल्या थंडीत गोठत नाही. मी इनायतला काही बोलले नाही. तशीच सिंदेवाहीची एसटी पकडली.

मामी अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. तेलात काय घातलं, असं सरळ विचारलं.

"टोरी टाकली ना," ती म्हणाली. टोरी म्हणजे मोहाच्या बिया. "अवं बाई, जवसाचं तेल ठेवलं का साय धरते, कडक होते. तू शयरात राह्यनारी, डबा महिना-महिना तसाच पडून राहीन. म्हनून अर्धं टोरीचं टाकलं. आता सालभर ठेव, सुकनार नाई."

"मामी, मला सुकायलाच हवं होतं."

"सुकाले? मंग तेल कायले नेलं? मी समजली केसाले नेलं. लगनाचं वय हाय, केसं चांगले पाह्यजे."

मोहाचं तेल उघड्यावर कितीही दिवस ठेवलं तरी पापुद्रा धरत नाही. मला जो गुण हवा होता, नेमका तोच मामीने प्रेमाने काढून टाकला. तिची काही चूक नाही. तेल घरचं म्हणून मी ते तपासलं नाही. पाण्याचा साधा नमुना तपासल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी मी.

परतताना मामीने डोक्यावर हात फिरवून आणखी एक बाटली दिली. केसांसाठी.

२३ डिसेंबर, मंगळवार

इनायतला अजून सांगितलं नाही. उद्या सांगते.

२४ डिसेंबर, बुधवार

सांगितलं. चित्र सुकणार नाही, कधीच नाही, आणि तेल माझं होतं.

तो शिडीच्या पायरीवर बसला. मग हसायला लागला. "मामीले सांगा, सालभराचं काय घेऊन बसल्या, हे चित्र सात पिढ्या ताजं राहीन."

मी म्हटलं, हे हसण्यासारखं नाही.

"मंग काय करू, मॅडम? रडलो तं आनखी ओलं होईन."

पण नंतर तो पुष्कळ वेळ चित्राकडे पाहत बसला, आणि मी पाहते आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. मस्कतचं नाव कुणी काढलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, पुन्हा काढता येईल का? तो म्हणाला, काढायला आठवडा पुरेल, पण सुकायला महिना. मी म्हटलं, सुकायचं माझ्यावर सोडा.

असं आश्वासन मी सहसा देत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

उपाय असा: शुद्ध जवसाचं तेल थोड्या शेंदराबरोबर मंद आचेवर उकळायचं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तसं तेल दोन-तीन दिवसांत सुकतं. वाफ अंगावर घ्यायची नाही, एवढं पाळायचं.

शेंदूर आणायला संध्याकाळी इनायत आणि मी महाकाली मंदिराजवळच्या पूजेच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कोणत्या देवाला चढवायचा आहे?

इनायत म्हणाला, "वामनराव."

"हे कोनते देव?"

"पेटीवाले."

दुकानदाराने हात जोडले आणि पुडीबरोबर दोन खडीसाखरेचे खडे दिले. गल्ली संपेपर्यंत मी हसू दाबून धरलं. मग धरता आलं नाही.

घरी आईने पुडी पाहिली. "छप्पन सालात दीक्षा घेतल्यावर तुह्या आजोबानं घरातले देव नेऊन झरपट नदीत सोडले, अन तू शेंदूर आनून राह्यली?"

"तेल सुकवायला."

"शेजारची पाहीन तं काय म्हनन? का उराड्याच्या पोरीले मारुती पावला?"

मी पुडी प्रयोगशाळेच्या रिकाम्या बरणीत ओतली आणि वर रासायनिक नाव लिहून चिकटवलं. आईचं समाधान झालं.

२८ डिसेंबर, रविवार

मामी स्वतः एसटीने आली, डबा मांडीवर घेऊन. घाण्यावर पहाटेपासून बसून होती म्हणे, टोरीवाल्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मी तरी थोडं तेल गार पाण्यात धरून पाहिलं, गोठलं नाही. मामीला राग आला नाही. ती म्हणाली, "पाह्य बाई, चांगली पाह्य. आता माह्यावर माहाच भरोसा नाई."

क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत चूल मांडून तेल उकळलं. ओलं पोतं हाताशी ठेवलं. रंग आधी लाल, मग मधासारखा झाला. वास वाईट. कॉलनीतले दोघं-तिघं काय जळतंय ते विचारून गेले. आईने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "पोरगी शिकलेली हाय."

३० डिसेंबर, मंगळवार

उकळलेल्या तेलाचा थेंब काचेवर पसरून ठेवला होता, तो आज कोरडा झाला. इनायतला तो दाखवला. त्याने अंगठा फिरवला आणि काच परत दिली नाही, खिशात ठेवली.

१ जानेवारी १९८७, गुरुवार

अडचण. बाबा मंडळाबरोबर वडसा-आरमोरीकडे आहेत, महिनाअखेरपर्यंत रोज नवं गाव. त्यांना समोर बसवल्याशिवाय चित्र काढणार नाही असं इनायत म्हणतो. पहिलं पाहून दुसरं उतरवलं तर तो बोर्ड होईल, चित्र नाही.

म्हणजे त्यालाच तिकडे जावं लागेल. आणि मलाही, कारण रंगात तेल किती घालायचं ते प्रमाण मला माहीत आहे. रजा टाकली.

आई म्हणाली, "प्रमान कागदावर लिहून दे ना त्याले."

हे मला सुचलं नव्हतं. पण रजा मंजूर झाली होती.

आई बरोबर येते आहे.

३ जानेवारी, शनिवार. आरमोरीच्या पुढचं एक गाव

मंडळ शाळेच्या व्हरांड्यात उतरलं आहे. रात्रभर नाटक करून नट दिवसा झोपतात. राजाचं काम करणारा माणूस गुंडाळलेल्या पडद्यावर घोरत होता.

कॅनव्हास नूर मोहम्मदांच्या दुकानातूनच आला. इनायत म्हणाला, तुम्ही अब्बांना सांगितलं म्हणून बरं, निघताना पांढरा हात मारून ताणलेला तयार मिळाला. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मग मस्कतला पाठवायला निघालेल्या माणसाने हा कशासाठी तयार केला? मला याची संगती लागली नाही.

बाबांना आम्ही आलेलं आवडलं, कारण कळल्यावर कमी आवडलं. तरी बनियनवर येऊन बसले. आमच्याकडे न पाहता पेटी वाजवू लागले.

दुपारपर्यंत काळ्या रेघांनी चित्र मांडून झालं. गावातले लोक कोंडाळं करून उभे. एक म्हातारी म्हणाली, "हा मानूस दोन्हीकडं पाह्यते." दुसरा म्हणाला, "नाटकातल्या पेटीवाल्याले पाहाच लागते. इकडं नट, तिकडं पब्लिक."

बाबांची बोटं थांबली. उठून चित्रासमोर आले. मोजलं. "दोनच हात?"

"भाऊ, तुमाले तिसरा आवडला नवता ना. म्हनून नाई काढला."

"आवडला नवता म्हनून काढून टाकशील? उद्या कोनाले नाक नाई आवडलं, तं नाक काढशील?"

"बिडी तं तुम्ही सोडली म्हन्ता."

"बिडीचा हातच नवता तो." बाबा लोकांकडे वळले. "नट गानं विसरला तं त्याले कोन इशारा देते? तबल्यावाल्याले कोन थांबवते? पडदावाल्याले कोन सांगते?"

लोक म्हणाले, "पेटीमास्तर."

"कोनत्या हातानं?"

गुंडाळलेल्या पडद्यावरून राजा उठून बसला आणि डोळे चोळत म्हणाला, "खरं हाय बाप्पा. मी काल दोनदा विसरलो. मले तो हात दिसला."

"तिसरा हात नाई काढला, तं मी बसत नाई," बाबा म्हणाले आणि जाऊन बसले.

५ जानेवारी, सोमवार

काम वेगाने होतं आहे. रंग पातळ घालायचा, थर सुकू द्यायचा, मग पुढचा. मी वाटी धरून शेजारी उभी राहते आणि तेल मोजून देते. इनायत काम करताना बोलत नाही. मीही नाही. तो हात पुढे करतो तेव्हा काय हवं ते कळतं, त्यामुळे बोलण्याची गरज पडत नाही. प्रयोगशाळेत इतकं सुरळीत काम फार थोड्या लोकांबरोबर होतं.

मंडळ पुढच्या गावाला निघालं तेव्हा चित्र ट्रकमध्ये राजाच्या सिंहासनावर बसवून नेलं. सिंहासनावर बसायचा हक्क आपला आहे, असं राजा चालकाशेजारून सांगत होता.

आई तीन दिवस व्हरांड्यात बसून आहे. बाबांचा स्वेटर विणते. आज संध्याकाळी तिने मला विचारलं, "हा पोरगा जेवते कवा?" मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, "दुपारी तूच तं त्याले भाकर नेऊन देली."

७ जानेवारी, बुधवार

पूर्ण झालं.

पहिल्यापेक्षा वेगळं आहे. गेरू कमी, निळा जास्त. भाता तसाच पसरलेला, पण पट्ट्यांचे रूळ आता एका ठिकाणी येऊन मिळतात. तिसरा हात बाबांच्या खांद्यातून निघत नाही, चित्राच्या डाव्या कडेबाहेरून आत येतो आणि पेटीच्या वर थांबतो. तळवा वाटीसारखा. बोटं बारीक आहेत. मनगटावर घड्याळ आहे, तबकडी आतल्या बाजूला.

बाबा घड्याळ घालत नाहीत.

तबकडी आत ठेवायची सवय मला आहे, कारण अ‍ॅसिडचा थेंब काचेवर उडू नये. चित्रकार हाताशी असलेली वस्तू वापरतात, तसंच असावं. मी विचारलं नाही. बाबा मात्र त्या हाताकडे पाहत म्हणाले, "आता बराबर हाय," आणि आईने सुया खाली ठेवून पाहिलं आणि पुन्हा उचलल्या.

१० जानेवारी, शनिवार. ऊर्जानगर

सगळे थर कोरडे. चारही कोपऱ्यांना अंगठा दाबून पाहिला. नूर मोहम्मदांनी चित्र स्वतः चादरीत गुंडाळलं, फळ्या ठोकल्या आणि एसटीच्या टपावर चढवून बांधलं. दोरीची गाठ इनायतला मारू दिली नाही. "तू मार्शील, मूलच्या पुढं सुटन," म्हणाले. नागपूरची गाडी मूल गावावरून जातच नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "तरीबी."

२५ जानेवारी, रविवार

नूर मोहम्मद आज प्रथमच क्वार्टरवर आले. इस्त्रीचा कुर्ता. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि चप्पल काढली. मग म्हणाले, "नागपूरचं पत्र आलं. चित्र लागलं म्हन्ते. पन मी पाह्यल्याबिगर मान्नार नाई."

इनायत त्यांच्या मागे फाटकातच उभा होता. आत या, असं आईने सांगितलं. मी चहा ठेवायला गेले. साखर दोनदा पडली.

१ फेब्रुवारी, रविवार

पाचजण सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो. बाबांनी मंडळाकडून एका दिवसाची सुटी घेतली होती. कोट आणि पदक चढवलं होतं.

मोठ्या दालनात चित्र नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. नूर मोहम्मद एकेक भिंत पाठ करायची असल्यासारखी पाहत होते. इनायतचा चेहरा उतरला. मी सगळ्यांच्या पुढे गेले. चित्र जिन्याजवळ होतं, वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या बाजूला, जिथे दिव्याचा उजेड अर्धाच पोचतो.

मी म्हटलं, इथे आहे.

नूर मोहम्मद समोर उभे राहिले. चित्राआधी त्यांनी भिंतीला हात लावला. बोटाने ठोकून पाहिली. "पक्की हाय," म्हणाले. "मी भिंत बोललो होतो. जिन्याची का हॉलची, ते नवतं बोललो." मग चित्र पाहिलं. वाकून, मागे सरकून, पुन्हा वाकून. "रेघेत हात साफ हाय. हा निळा कुठून आनला?"

"मिसळून."

"दुकानात कधी मिसळला नाई असा."

"दुकानात कोनी मागितला नाई, अब्बा."

ते हसले. मग खिशातून रुमाल काढून घाम नसलेलं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मामूले लिहून टाकतो, पोरगा कामात हाय."

इनायत जिन्याच्या पायरीवर बसला.

बाबा चित्राशेजारी कोटात उभे होते, त्यामुळे तिथे गर्दी जमली. लोक एकदा त्यांच्याकडे, एकदा चित्राकडे पाहत. चष्मा लावलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, ही विकृती म्हणजे चित्रकाराला नेमकं काय म्हणायचं आहे? बाबांनी त्यांना नाटक, भाता, नट आणि पब्लिक सगळं समजावलं. गृहस्थ म्हणाले, ठीक, पण तीन हात?

"माहे दोन," बाबा म्हणाले. "तिसरा कोनाचा, ते चित्रकाराले विचारा."

सगळे इनायतकडे वळले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मी पाहिलं. मी खालच्या मजल्यावरची मातीची शिल्पं पाहायला गेले. शिल्पं कशाची होती ते आठवत नाही.

परतीची संध्याकाळची पॅसेंजर. नूर मोहम्मद वरच्या फळीवर झोपले. बाबा पलीकडच्या डब्याच्या दारापर्यंत जाऊन लोकांना चित्राविषयी सांगत होते. आई समोर खिडकीशी. इनायत माझ्या शेजारी, मध्ये टिफिनची पिशवी.

वरोरा गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "अब्बांनी तं हो म्हटलं. मस्कत सुटलं. पन तुम्हाले विचारलं नाई मी."

"काय?"

"थांबू का?"

मी म्हटलं, हा तुमच्या कामाचा प्रश्न आहे, तुम्ही ठरवायचा.

"कामाचं ठरलं," तो म्हणाला. "कामाचं नाई विचारून राह्यलो."

गाडी भांदकला थांबली. चहावाला ओरडत गेला. या ठिकाणी मी साधारणपणे विचार करते, दोन्ही बाजू मांडते, उद्या सांगते म्हणते. आमच्या दोघांच्या घरांत काय काय बोललं जाईल त्याचा अंदाज बांधते. यातलं काहीच केलं नाही.

मी म्हटलं, "थांबा."

विचार करून म्हटलं असं इथे लिहिता येणार नाही. परत घ्यावंसं वाटलं नाही, एवढं खात्रीने लिहिता येतं.

गाडी सुटली. आई खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर अंधार होता आणि काच खाली ओढलेली, दिसण्यासारखं काहीही नव्हतं. पण भांदकपासून चंद्रपूरपर्यंत तिने एकदाही मान वळवली नाही.